तिथी बघून निघा: गेटवे, कुलाबा किल्ला, रेवस, करंजा, उरण आणि संध्याकाळी घरी

मुंबईहून एका दिवसात अलिबाग करणारे बरेच जण सकाळी उशिरा गेटवेला पोचतात, बाराच्या सुमारास अलिबागच्या किनाऱ्यावर उतरतात आणि बघतात तर समोरच्या कुलाबा किल्ल्याभोवती पाणीच पाणी. मग शहाळं, वाळूत एक फेरी, जेवण आणि त्याच बोटीने परत. खरं तर याच एका दिवसात समुद्र ओलांडून, घोडागाडीतून किल्ल्यावर जाऊन, चालत किनाऱ्याला येऊन, एसटीने रेवस, तरीने (म्हणजे खाडी ओलांडून नेणाऱ्या होडीने) करंजा आणि उरणहून लोकलने मुंबई असं पूर्ण वर्तुळ होतं, गेलेल्या वाटेने परत यावंच लागत नाही. अट एकच आहे. दिवस कॅलेंडरवरच्या वारावरून ठरवायचा नाही, तिथीवरून ठरवायचा.

आदल्या आठवड्यात: तिथीचं गणित

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे. तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं. येणारं उत्तर म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ. ती दिवसातून दोनदा येते. षष्ठीला सहा त्रिक अठरा, भागिले चार म्हणजे साडेचार. पहाटे साडेचारच्या आसपास एक भरती, संध्याकाळी पाचच्या आत-बाहेर दुसरी. ओहोटी त्यापासून साधारण सव्वासहा तासांवर, म्हणजे सकाळी साडेदहा-पावणेअकराला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, प्रतिपदेपासून मोजणी नव्याने सुरू करायची. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होऊ शकतो. तिथीची वृद्धी किंवा क्षय असेल तेव्हा तर होतोच. त्यामुळे दिवस तिथीवरून निवडावा आणि नेमकी वेळ मुंबई बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्यावी. हे तक्ते मोबाइलवर मिळतात. अलिबागची वेळ मुंबईपेक्षा फारशी वेगळी नसते.

आता प्रश्न असा की ओहोटी भर दुपारी हवी असेल तर अष्टमी का नको? अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार सहा. म्हणजे ओहोटी बरोबर बाराला. वेळ सोयीची, पण पाणी मात्र पुरतं उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं. अष्टमीच्या पुढचे दोन-तीन दिवस भांगाचे. तेव्हा भरतीही बेताची, ओहोटीही बेताची, आणि किल्ल्याची वाट काही वेळा उघडीच पडत नाही. उलट पौर्णिमेला पाणी उत्तम ओसरतं, पण ते पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला. मुंबईहून जाऊन येणाऱ्याला दोन्ही वेळा निरुपयोगी.

म्हणून पंचमी, षष्ठी आणि सप्तमी. उधाणाचा जोर अजून पुरता ओसरलेला नसतो आणि ओहोटी सकाळी पावणेदहा ते सव्वाअकराच्या दरम्यान येते. याचा दुसरा फायदा दुपारी कळतो: रेवसच्या धक्क्यावर पोचेपर्यंत खाडीत पाणी चढलेलं असतं. चतुर्थीही चालते, पण ओहोटी नऊलाच होत असल्याने अलिबागेत न्याहारीला सुद्धा थांबता येत नाही. शिवाय किल्ल्यात सिद्धिविनायकाचं देऊळ असल्याने चतुर्थीला, त्यातही माघी गणेश जयंतीला, गर्दी फार. महिन्यातून दोनदा हे तीन दिवस येतात. त्यांत रविवार सापडला तर छान, पण मधल्या वारी रजा काढून गेलात तर बोट, घोडागाडी आणि खाणावळ तिन्ही ठिकाणी निवांत मिळेल.

मोसम म्हणाल तर ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला (अलिबागला जाण्यासाठी उतरायच्या धक्क्याला) जाणाऱ्या बोटी बंद असतात आणि किल्ल्यावर जाणंही तेव्हा धोक्याचं. सगळ्यात सुखाचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो आणि समुद्र खवळतो. आपली मोठी समुद्रफेरी पहाटेच उरकलेली असते, त्यामुळे मार्च-एप्रिललाही ही सहल जमते. फक्त किल्ल्यातल्या उन्हाची तयारी हवी.

सामान थोडकंच: मागे पट्टा असलेली, भिजली तरी चालणारी चप्पल, माणशी एक लिटर पाणी, टोपी, पातळ पंचा, मोबाइल आणि पाकिटासाठी एक जाड प्लास्टिकची पिशवी, आणि सुट्टे पैसे. मासळीच्या थाळीसकट माणशी हजार-बाराशे रुपये धरावेत. त्यातले चार-पाचशे सुट्ट्या नोटांत असू द्यावेत, कारण घोडागाडी, तर आणि रिक्षा या तिन्ही ठिकाणी मोबाइलने पैसे जातीलच असं धरून चालू नये. पायात बूट घालून निघालात तर ते सकाळी नऊ वाजल्यापासून हातात धरून फिरावं लागेल.

पहाटे: पालवा बंदर, म्हणजे गेटवेचा धक्का

पहिली बोट सकाळी सहा-सव्वासहाच्या सुमारास सुटते. मोसमाप्रमाणे वेळ बदलते, म्हणून आदल्या दिवशी खात्री करून तिकीटही तेव्हाच काढून ठेवावं. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून चालत गेटवे अर्ध्या तासाच्या आत येतं. इतक्या सकाळी टॅक्सीही लगेच मिळते. सुटण्याआधी वीस मिनिटं धक्क्यावर हवं. गेटवेवर सुरक्षा तपासणी असते आणि बॅगा उघडायला लागतात. घारापुरीच्या बोटीही इथूनच सुटतात. रांग लावताना आपली रांग मांडव्याचीच आहे ना, हे विचारून घ्यावं.

कमान १९२४ साली खुली झाली. जॉर्ज विटेट हा तिचा वास्तुरचनाकार. दिवसा तिच्यापुढे उभं राहायला जागा नसते, पण पहाटे ती जवळजवळ मोकळी असते. तपासणीची रांग लागायच्या आत तिच्या समुद्राकडच्या बाजूला जाऊन यावं.

बोटीत चढताना घाई करू नये. षष्ठीच्या पहाटे पाणी ओसरत असतं, त्यामुळे पायऱ्यांचे खालचे टप्पे ओले आणि शेवाळलेले असतात, आणि बोट लाटेबरोबर वर-खाली होत असते. पाठीवरची बॅग काढून हातात घ्यावी, बोट वर आली की पाऊल टाकावं, खलाशी हात देतो तो धरावा. लहान मूल आधी पलीकडे द्यावं, मग आपण जावं. काही वेळा आपल्या बोटीआधी दुसरी बोट लागलेली असते. मग तिच्यावरून चालत पलीकडे जायचं.

बोटीला खालचा बंद, वातानुकूलित भाग आणि वरचा उघडा डेक असतो. दोन्हींचे दर वेगळे. बोट लागणाऱ्यांनी खालच्या डेकवर मध्यापासून जरा मागे बसावं, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. गोळी घ्यायची असेल तर अर्धा तास आधी आणि पोटात दोन बिस्किटं तरी असावीत. बाकीच्यांनी वरचाच डेक घ्यावा. डिसेंबर-जानेवारीत ही बोट अंधारात सुटते आणि मांडवा जवळ येता येता डाव्या हाताला, उरणच्या डोंगरांमागून सूर्य वर येतो. तेव्हा डावीकडची जागा घ्यावी. एप्रिलपासून उजवी बाजू बरी: कोवळं ऊन पूर्वेकडून कुलाब्यावर पडतं आणि ताजमहाल हॉटेलपासून ससून डॉकपर्यंतचा सगळा किनारा उजळलेला दिसतो. पुढे कुलाब्याच्या टोकाशी, समुद्रात एकटा उभा असलेला प्राँग्सचा दीपस्तंभ दिसतो. तो १८७५ सालचा.

हिवाळ्यात कुरव पक्षी बोटीमागे उडत येतात आणि लोक त्यांना शेव-गाठ्या फेकतात. हे करू नये. मीठ आणि तळलेलं बेसन हे मासे खाणाऱ्या पक्ष्याचं अन्न नव्हे. काही न टाकताही ते बोटीच्या मागच्या पाण्यात मासे शोधत बरोबर येतातच, आणि तेव्हा त्यांची सूर मारायची पद्धत नीट बघता येते.

तासाभरात मांडवा. धक्का लांब आहे. बोटीतून उतरून बसपर्यंत चालावं लागतं. बोटीचं तिकीट मात्र इथे फेकू नका, बहुतेक कंपन्यांच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बस धरलेली असते आणि तेच तिकीट बसच्या दारात दाखवायचं असतं. बस बोटीसाठीच थांबलेली असते, पण भरली की निघते. त्यामुळे धक्क्यावरच्या फोटोंना दोन मिनिटंच द्यावीत. स्वच्छतागृहाला जायचं असेल तर ते मात्र इथेच उरकून घ्यावं.

साडेसात ते साडेआठ: मांडवा ते अलिबाग

हा रस्ता वीसेक किलोमीटरचा, झिराड, चोंढी, थळ असा. पाऊण तास लागतो. नारळी-पोफळीच्या वाड्या अजून आहेत, पण त्यांच्यामधून बंगल्यांच्या भिंती वाढत चालल्या आहेत. चोंढीला किहीमचा फाटा लागतो. थळच्या समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही जलदुर्गांची जोडी. रस्त्यावरून ती दिसत नाही, पण यातली खांदेरी २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठा लष्करी भूप्रदेशाच्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. तिच्यासाठी वेगळा दिवस काढावा, या सहलीत ती कोंबू नये.

अलिबागेत उतरल्यावर अर्धा तास न्याहारीला द्यावा. पोहे, मिसळ किंवा घावन आणि चहा, इतकंच. पोटभर खाल्लं की पुढे खडकातून चालताना जड जातं. किनारा एसटी स्टँडपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे.

नऊ ते सव्वाअकरा: कुलाबा किल्ला

सहलीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच, त्यामुळे इथे घड्याळाकडे सतत लक्ष हवं.

किल्ल्यावर जायचे दोन मार्ग: घोडागाडी किंवा पाय. दोन्ही घ्यावेत, पण क्रम महत्त्वाचा. ओहोटी साडेदहाची असेल तर नऊ-सव्वानऊला वाटेत अजून गुडघाभर पाणी असतं. तेव्हा घोडागाडीने जावं. चाकं निम्मी पाण्यात, घोडा सावकाश ओढत नेतो, आणि किल्ल्याचा तट हळूहळू जवळ येत जातो. परत येताना वाट उघडी पडलेली असते, तेव्हा चालत यावं. गाडीवाले जाण्या-येण्याचा एकत्र दर सांगतात. एकाच फेरीचा दर ठरवून घ्यावा, आणि तो माणशी की गाडीचा हे चढण्यापूर्वी स्पष्ट करून घ्यावं. एका गाडीत चौघांपेक्षा जास्त बसू नये. घोडा लंगडत असेल किंवा खोगिराखाली जखम दिसत असेल तर ती गाडी घेऊ नये, दुसरी बघावी.

किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी मार्च १६८० मध्ये सुरू करवलं. पुढच्याच महिन्यात महाराज गेले आणि बांधकाम संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. नंतर तो कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचं ठाणं झाला. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून या किल्ल्यावर चढाई केली आणि ती फसली.

आत शिरण्याआधी महादरवाजाच्या बाहेर पाच मिनिटं थांबून तटाचा पाया बघा. प्रचंड घडीव दगड एकावर एक नुसते ठेवलेले आहेत. सांध्यात चुना नाही. बोट घालता येईल अशा फटी जागोजाग आहेत. लाट येऊन आपटली की पाणी या फटींतून आत शिरतं आणि तिथेच त्याचा जोर मोडतो, मग ते परत खाली झिरपून जातं. सलग चुन्याने लिंपलेल्या भिंतीला लाटेचा सगळा मार झेलावा लागला असता आणि एकदा चुना सुटला की आतली माती धुऊन निघाली असती. ओहोटीच्या वेळी खालच्या थरातल्या फटींना चिकटलेले शिंपले दिसतात आणि त्यांच्यातून पाणी अजून ठिबकत असतं. पाणी कुठवर चढतं ते दगडावरच्या हिरव्या-काळ्या पट्ट्यावरून लगेच कळतं. आपण उभे असतो ती जागा त्या पट्ट्याच्या बरीच खाली असते.

दरवाज्यावर मोर, हत्ती आणि कमळ कोरलेले आहेत. पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढून आत गेलं की सरळ सिद्धिविनायकाच्या देवळाकडे जावं. ते राघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधवलं. गाभाऱ्यात गणपतीबरोबर शंकर, विष्णू, देवी आणि सूर्य अशी पंचायतन मांडणी आहे. देवळाशेजारी पुष्करणी आहे, आणि चहूकडे खारं पाणी असताना किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे. वेढा पडल्यावर किल्ला लढता राहायचा तो या पाण्याच्या जोरावर. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन तोफा आहेत. त्यांच्यावरची अक्षरं अजून वाचता येतात: यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्यातल्या, १८४९ सालच्या. म्हणजे या तोफा आंग्र्यांच्या नव्हेत. त्यांच्या जवळून उत्तरेकडे बघितलं की सर्जेकोट दिसतो. तो छोटा जोडकिल्ला मुख्य किल्ल्याला दगडी बांधाने जोडलेला आहे.

तासाभरात किल्ला नीट बघून होतो. सावली देवळाजवळच, बाकी तट उघडा. तटाच्या कडेला कठडा सगळीकडे नाही, मुलांचा हात सोडू नये.

आता परतीची वेळ. भरतीचं पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्यात एक. म्हणजे ओहोटी-भरतीत तीन मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात पाणी पाऊण फूट चढतं, आणि तिसऱ्या तासात अडीच फूट. लोक अडकतात ते याच फसवणुकीने. पहिला तास पाणी जागचं हललंच नाही असं वाटतं, म्हणून ते निवांत बसतात, आणि उठून बघतात तोवर किनारा आणि किल्ल्यामधला सखल पट्टा भरलेला असतो. किल्ल्यासमोरचा खडक उंच असल्याने तिथे उभं राहून सगळं कोरडंच दिसतं, पाणी आधी भरतं ते आपल्या वाटेच्या मधल्या भागात. म्हणून नियम असा: ओहोटी पूर्ण झाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत किल्ल्याचा दरवाजा सोडायचा. साडेदहाची ओहोटी असेल तर अकराला बाहेर. कोणी म्हणालं, अजून पुष्कळ वेळ आहे, तरी निघायचं. आणि वाट चुकून भरलीच तर पोहत किंवा मुलांना खांद्यावर घेऊन जाण्याचा विचार करू नये. तटाच्या आत थांबावं, किनाऱ्यावरून होडी येते किंवा पुढची ओहोटी होते.

चालीचे वीस-पंचवीस मिनिटं. आधी खडक, मग घट्ट वाळू. खडकावर कालवांचे कवच चिकटलेले असतात आणि त्यांच्या कडा पात्यासारख्या कापतात, म्हणून अनवाणी चालू नये. हिरवं शेवाळ टाळून काळ्या, खरबरीत खडकावर पाय द्यावा. खळग्यांतल्या पाण्यात छोटे खेकडे, शंखातले खेकडे, समुद्रफुलं दिसतात. उकिडवं बसून बघावं, हात घालून काढू नयेत.

साडेअकरा ते एक: गाव आणि जेवण

किनाऱ्याच्या रस्त्यावरच अलिबागची चुंबकीय वेधशाळा आहे. आतून बघायला आधी परवानगी लागते, पण फाटकापाशी थांबावं असं तिचं वृत्त आहे. ती मूळची मुंबईच्या कुलाब्याची. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार हे ठरलं तेव्हा त्यांच्या प्रवाहाने पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद बिघडेल म्हणून १९०४ साली ती समुद्रापार इथे हलवली. काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांचा दुवा तुटू नये. विजेची ट्राम मुंबईत १९०७ साली धावली. इथल्या इमारतीत पोरबंदरी दगड वापरला आणि लोखंड कटाक्षाने टाळलं. शंभराहून अधिक वर्षांच्या त्या नोंदी आजही जगभर वापरल्या जातात.

गावात कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे. जेवायला जाताना वाटेवर घ्यावी.

जेवण बारा ते साडेबारादरम्यान, गर्दीच्या आधी. थाळीत सुरमई किंवा हलवा मागण्यापेक्षा त्या दिवशी ताजं काय आलंय ते विचारावं. बोंबील, मांदेली, बांगडा चांगले असले तर तेच घ्यावेत, स्वस्तही पडतात. सोलकढी दोन वाट्या. फेब्रुवारी ते एप्रिल-मेमध्ये गेलात तर ताटात कच्चा पांढरा कांदा मागून घ्या. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे. भाताचं पीक निघाल्यावर कार्ले, खंडाळे या गावांच्या शेतांत तो लावतात. चवीला गोडसर, तिखटपणा फारच कमी. घरी न्यायचा तर विणलेली माळ घ्यावी, सुट्टा कांदा घेऊ नये. माळ हवेशीर जागी टांगली की बरेच आठवडे टिकते. मात्र अजून तीन वाहनं बदलायची आहेत. एकच माळ घ्या.

एक ते साडेतीन: रेवस आणि तर

अलिबाग स्टँडवरून रेवसची एसटी मिळते. फलकावरची वेळ बघून चौकशी खिडकीवर पुन्हा विचारावं. एसटीला फार वेळ असेल तर मिनिडोअर पकडावा. हा सहा आसनी तीनचाकी टेम्पोवजा गाडा इथलं नेहमीचं वाहन आहे. थेट रेवसचा मिळाला तर उत्तम, नाहीतर चोंढीला बदलावा लागतो. सकाळी आलो तोच रस्ता मांडव्याच्या फाट्यापर्यंत, पुढे तो रेवसकडे वळतो. तासभर धरावा.

रेवस म्हणजे धरमतरच्या खाडीचं मुख. आंबा आणि पाताळगंगा या नद्यांचं पाणी या खाडीतून समुद्राला मिळतं आणि त्यांनी आणलेला गाळ मुखाशी बसतो. गाळ उपसला तरी पुन्हा साचतो. म्हणूनच रेवसला ओहोटीच्या वेळी होड्या रुततात, तरीची होडी धक्क्याला लागत नाही आणि प्रवासी पाण्याची वाट बघत तासन्‌तास बसून राहतात. तिथीचं गणित इथे दुसऱ्यांदा कामी येतं. षष्ठीला संध्याकाळची भरती पाचच्या सुमारास पूर्ण होते, म्हणजे अडीच-तीनला पाणी जोरात चढत असतं आणि धक्क्यापाशी खोली भरपूर असते. पौर्णिमेच्या दिवशी हीच वेळ ओसरत्या पाण्याची. तेव्हा चार-पाच वाजता इथे पोचणारा अडकतो.

रेवस ते करंजा ही तर फक्त पंधरा-वीस मिनिटांची, पण रोज ये-जा करणाऱ्यांसाठी ती जीवनवाहिनी आहे. पलीकडचा किनारा समोर दिसतो, तरी रस्त्याने जायचं तर पेणवरून सगळी खाडी वळसा घालून जावं लागतं. तरीत आधी मोटारसायकली चढवतात. धक्का आणि होडीत फळी टाकतात, एक जण पुढचं हँडल धरतो, दुसरा मागून ढकलतो, आणि गाड्या एका बाजूला दाटीने उभ्या करतात. त्यांच्या सायलेन्सरला पाय लागू नये म्हणून माणसांनी दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसावं. मासळीच्या टोपल्या घेऊन चढणाऱ्या कोळणींना आधी वाट द्यावी, त्यांना बाजार गाठायचा असतो. खाडीवर रेवस-करंजा पुलाचं काम सुरू आहे. तो झाल्यावर हा प्रवास मिनिटांचा होईल आणि तो इथल्या लोकांना हवाच आहे. खाडी तरीने ओलांडायची इच्छा असेल तर त्याआधी येऊन जावं.

दोन खबरदाऱ्या. वारा फार असला की तर बंद ठेवतात, म्हणून अलिबाग सोडण्यापूर्वी स्टँडवर किंवा रेवसच्या एसटीच्या वाहकाला तर चालू आहे ना ते विचारावं. दुसरं, चारच्या आत रेवसला पोचावंच. शेवटच्या फेरीवर बेत बांधू नये.

साडेतीननंतर: करंजा, उरण, नेरूळ

करंज्याच्या धक्क्यावर उतरलं की समोर द्रोणागिरीचा डोंगर. धक्क्याबाहेर उरणच्या शेअर रिक्षा उभ्या असतात. उरण स्टेशन असं स्पष्ट सांगावं, नाहीतर बाजारात उतरवतात आणि तिथून पुन्हा चालावं लागतं. पाच-सहा किलोमीटरच अंतर, वीस मिनिटं.

उरणची रेल्वे खारकोपरपर्यंत २०१८ साली आली होती, उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये पोचली. त्याआधी ही सहल अशी वर्तुळात करायची तर उरणहून बसने रस्त्यातल्या कंटेनरच्या रांगांमध्ये अडकत यावं लागे. गाड्या फार नाहीत, दोन गाड्यांत साधारण तासाचं अंतर पडू शकतं. त्यामुळे तरीत बसल्यावरच वेळापत्रक बघून ठेवावं. गाडी दहा मिनिटांवर असेल तर रिक्षा शेअरची वाट न बघता पूर्ण करावी. तिकीट उरणहून थेट आपल्या स्टेशनचं काढावं, नेरूळला पुन्हा रांग नको. काही गाड्या नेरूळला जातात, काही बेलापूरला. सीएसएमटीकडे जाणाऱ्यांना दोन्ही चालतात, ठाण्याकडे जाणाऱ्यांनी नेरूळची धरावी.

उरणला गाडी रिकामीच मिळते. खिडकी घ्यावी. खारफुटी, खाजणं, मधेच बंदराच्या क्रेनांची रांग आणि डोंगरांसारखे रचलेले कंटेनर, असं दोन्ही एकाच चौकटीत दिसतं. हिवाळ्यात पाणथळीत बगळे आणि कधी रोहित पक्षी असतात. पाऊण तासाच्या आत नेरूळ, तिथून हार्बरने सीएसएमटी साधारण तासाभरात. चारची गाडी मिळाली तर सहाच्या सुमारास, पाचची मिळाली तर सातला मुंबईत.

समुद्रावरूनच परतायचं असेल तर उरणहून स्टेशनला न जाता मोरा बंदर गाठावं. तिथून भाऊच्या धक्क्याला लाँच असते, पाऊण-एक तास. मोऱ्यालाही रेवससारखाच गाळाचा त्रास आहे, पण षष्ठीच्या संध्याकाळी पाणी भरलेलं असल्याने लाँच सहसा अडत नाही. भाऊच्या धक्क्याहून जवळचं स्टेशन डॉकयार्ड रोड.

रेवसला पोचल्यावर तर बंद असल्याचं कळलं तर वाट बघत बसू नये. लगेच अलिबागला परतावं आणि पनवेलकडे जाणारी एसटी धरावी. वडखळ, पेणमार्गे पनवेल, तिथून लोकल. घरी पोचायला दीड-दोन तास जास्त लागतील. मांडव्याची शेवटची बोट अजून सुटायची असेल आणि वेळेत पोचण्याची खात्री असेल, तर रेवसहूनच रिक्षाने मांडवा गाठणं त्याहून जवळचं.